मृतसाठ्यातले मासे

दरवर्षी १ मार्चला बाभळीच्या बंधाऱ्यावर काही सरकारी गाड्या येतात. बाभळी हे नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यातलं गोदावरीकाठचं गाव. राज्याची हद्द तिथून खाली जेमतेम सात किलोमीटर. गाड्यांमधून केंद्रीय जल आयोगाचे, महाराष्ट्राचे आणि तेलंगणाचे अधिकारी उतरतात. पाण्याची पातळी वाचली जाते, कागदावर सह्या होतात, दरवाजे उचलले जातात आणि ०.६ टीएमसी पाणी खाली पोचमपाडच्या धरणाकडे निघतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. त्या हिशोबाने हे झालं सतराशे कोटी लिटर. किती सोडायचं आणि कुठल्या तारखेला सोडायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी ठरवून दिलं आहे.

त्या पाण्याबरोबर मासेही जातात. सह्या होतात त्या कागदावर त्यांच्यासाठी रकाना नसतो.

मी धर्माबादचा. इंजिनिअरिंग करून हैदराबादला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि मासेमारीशी माझा संबंध ताटापुरता. या विषयाकडे मला ढकललं ते आमच्या टीममधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने. मार्च-एप्रिल आला की तो दर सोमवारी कॉलवर तळ्यातल्या माशांचे फोटो दाखवतो. एक बास नावाचा, मोठ्या तोंडाचा; दुसरा क्रॅपी, चपटा आणि ठिपक्याठिपक्यांचा. ‘तुमच्याकडे वसंतात काय धरतात?’ असं त्याने सहज विचारलं. मी मरळ, वाम अशी दोन-चार नावं सांगितली. पण ‘वसंतात’ या शब्दापाशी अडलो. आमच्याकडच्या माशांना वसंत असतो का? असला तर त्याची तारीख कोण ठरवतं? हे शोधायला लागल्यावर मी जीवशास्त्रातून इतिहासात आणि तिथून थेट पाणीतंटा लवादाच्या निवाड्यात जाऊन पडलो.

तिकडचा वसंत, इकडचा चैत्र

अमेरिकेतल्या वसंतातल्या मासेमारीचं गणित सोपं आहे. हिवाळ्यात थंड पडलेलं तळं हळूहळू तापतं. पाणी साधारण पंधरा ते अठरा अंश सेल्सिअसला आलं की बास खोल पाणी सोडून काठाच्या उथळात येतो. नर शेपटीने तळ झाडून खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि मग नर ती राखत बसतो. क्रॅपीचंही असंच, थोड्या फरकाने. म्हणजे एरवी खोलात असणारा मासा या काही आठवड्यांत आपणहून माणसाच्या हाताशी येतो. म्हणूनच तिकडचे गळवाले खिशात थर्मामीटर घेऊन फिरतात. त्यांचा वसंत म्हणजे माशांच्या विणीचा हंगाम.

आमच्याकडे वीण पावसाची. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांना पूर लागतो. मृगाचा पाऊस पडला, नदीला गढूळ लोंढा आला, काठची शेतं आणि नाले पाण्याखाली गेले, की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि नव्याने भिजलेल्या उथळ पाण्यात अंडी सोडतात. ‘चढणीचे मासे’ हा शब्द मराठी माणसाला शाळेत शिकवावा लागत नाही. ही धांदल जून ते सप्टेंबर चालते. आपल्याकडे बासासारखा घरकोंबडा बाप शोधायचाच तर मरळ आहे. तो आपल्या पिलांच्या लालसर थव्याखाली दबा धरून राहतो आणि जवळ येईल त्याच्यावर झडप घालतो.

मग फाल्गुन-चैत्रात काय होतं? पाणी आटतं. मासा काठाकडे येत नाही, काठच माशाकडे सरकतो. नदीचा धागा तुटून डोहांची माळ उरते. तलावाच्या कडेला भेगाळलेला गाळ दर आठवड्याला रुंद होत जातो. उरलेल्या पाण्यात मासे दाटतात. ऊन चाळीस अंशांच्या पुढे गेलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून नायलॉनचं जाळं सोडणाऱ्याला हे दिवस बरे जातात, कारण शोधावं लागत नाही. बाजारात मासा भरपूर असतो आणि म्हणून भाव पडलेला असतो. तिकडचा वसंत माशांच्या जन्माचा असेल, तर इकडचा माशांच्या कोंडीचा आहे.

ही कोंडी जुन्या लोकांना नीट कळत होती. आटत्या नदीतला डोह म्हणजे पुढच्या पावसाचं बियाणं. डोहातले मासे संपवले तर मृगात चढायला कुणी उरणार नाही. म्हणून महाराष्ट्रात काही डोह देवाच्या नावाने राखले गेले. महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत. तिथे गळ टाकत नाहीत, उलट माशांना खाऊ घालतात. दुसऱ्या टोकाला डोहात तोटे उडवून किंवा विष कालवून एका दिवसात सगळा डोह उपसणारेही होते. ते इतके होते की ब्रिटिश हिंदुस्थानात १८९७ साली मासेमारीचा कायदा आला, तेव्हा त्यात स्फोटकं आणि विष यांच्यावर बंदी घालणारी कलमंच मुख्य होती.

कर्नल साहेबाची यादी

आपल्या माशांचा लेखी इतिहास एका फौजी माणसापासून सुरू करावा लागतो. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. जमीन, पीक, भाव, लोकसंख्या मोजता मोजता त्याने पक्षी मोजले, प्राणी मोजले आणि मासेही. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे आला.

या निबंधातली नावं वाचताना मी अक्षरशः हसलो. नव्या माशाला लॅटिन नाव द्यायचं तर शास्त्रज्ञ एरवी आपल्या साहेबाचं नाव देतो, नाहीतर ग्रीक विशेषण शोधतो. साइक्सनेही एका रोहटीला ऑगिल्बी नावाच्या साहेबाचं नाव दिलं. पण पुष्कळदा त्याने नदीकाठच्या कोळ्या-भोयांना विचारलं आणि ते जे म्हणाले ते इंग्रजी कानाने ऐकून तसंच लिहून टाकलं. त्यामुळे आज जगभरच्या मत्स्यशास्त्रात दख्खनचा महाशीर ‘टॉर खुद्री’ आहे. दगडाला चिकटून राहणारा एक छोटा मासा ‘गारा मुल्या’ आहे. ‘लॅबिओ बोग्गट’ आहे, ‘लॅबिओ पोटेल’ आहे, ‘कोलस’ आहे, ‘ताकरी’ आहे. एका माशाच्या थोबाडावर आडवी खोल खाच असते. त्याचं नाव ‘नुक्ता’, आणि त्यात आपला ‘नकटा’ स्पष्ट ऐकू येतो. रोहटी तर एका जातीचं नाव न राहता अख्ख्या प्रजातीचंच नाव झालं. कुणा अनाम मराठी मासेमाराने सांगितलेले शब्द दोनशे वर्षांनंतर टोकियोच्या संग्रहालयातही तसेच वापरावे लागतात.

पण साइक्सची पायपीट मुंबई इलाख्यातली. नाशिक-नगरकडची गोदावरी त्याच्या हद्दीत होती, नांदेड-धर्माबादची निजामाच्या. आमच्या बाजूची पद्धतशीर मत्स्यपाहणी व्हायला १९४० चं दशक उजाडलं. हैदराबाद संस्थानाच्या माशांवरचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये क्रमाने येत गेले आणि १९४७ मध्ये महमूद आणि रहिमुल्ला यांनी निजामाबाद जिल्ह्याची यादी प्रसिद्ध केली. निजामाबाद म्हणजे धर्माबादच्या लगतचा जिल्हा. नदी तीच, मासे तेच. ही यादी मोक्याच्या वेळी झाली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती नदी तशी राहणार नव्हती.

नदीचं तळं होतं तेव्हा

धर्माबादच्या परिसरात पाणी अडवण्याचा मोठा खेळ त्याआधीच सुरू झाला होता. मांजरा नदीवर निजामसागर १९२३ ते १९३१ या काळात बांधला गेला. अभियंता नवाब अली नवाज जंग. तेलंगणात त्यांच्या जयंतीला, ११ जुलैला, अभियंता दिन पाळतात. हीच मांजरा लातूर-बीडकडून फिरून येते आणि आमच्या जवळच कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. त्यानंतर २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंनी पोचमपाडला, म्हणजे आजच्या श्रीरामसागरला, पायाभरणी केली. वर पैठणला जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. एका पिढीच्या आत आमची गंगा (गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात) वरून जायकवाडीने आणि खालून पोचमपाडने धरली गेली.

पोचमपाडची पूर्ण पातळी १,०९१ फूट. या उंचीला पाणी चढलं की त्याचा फुगवटा राज्याची हद्द ओलांडून वर धर्माबाद-बिलोलीच्या बाजूला येतो. कागदावर ही ‘बुडीत क्षेत्रा’ची बाब आहे: कुणाची जमीन, किती मोबदला. माशांसाठी ती वेगळीच बाब होती. वाहत्या पाण्यात दगडावरचं शेवाळ खरवडून जगणाऱ्या मुल्यासारख्या जातींना, खळाळत्या पाण्यात वाढणाऱ्या महाशीराला साचलेलं तळं मानवत नाही. उलट, संथ आणि खोल पाण्यात कटल्यासारखा वरच्या थरातला प्लवक खाणारा मासा भराभर वाढतो. तिकडे टेनेसी खोऱ्यात १९३३ नंतर सरकारने नद्यांवर धरणांची माळ उभी केली, तेव्हाही असंच झालं. वाहत्या पाण्याचे मासे हटले आणि बास-क्रॅपीसारख्या तळ्यातल्या माशांची चंगळ झाली. ज्याला आज अमेरिकन माणूस ‘आमचं तळं’ म्हणून मिरवतो ते बऱ्याचदा आजोबांच्या काळात नदी होतं.

फरक पुढे पडतो. बास धरणातच अंडी घालतो, आपली संख्या आपण राखतो. रोहू-कटल्याला पूर लागतो. तेव्हा धरणात हे मासे हवेत तर दरवर्षी पेरावे लागणार. पेरायचे तर बियाणं हवं.

हंडीतून आलेलं बियाणं

सुरुवातीला हे बियाणं बंगालमधून यायचं. पुराच्या दिवसांत तिथल्या नद्यांमध्ये बारीक विणीची जाळी लावून अंडी आणि पिलं गोळा करत, मातीच्या हंड्यांत भरत आणि हावड्याहून रेल्वेने देशभर पाठवत. हंडीतलं पाणी हिंदकळत राहिलं पाहिजे, म्हणजे त्यात हवा मिसळते. म्हणून सोबत जाणारा माणूस वाटभर हाताने ते हलवत बसे. जिवंत किती पोचतील हे गाडी किती उशिरा येते त्यावर.

हे चित्र १० जुलै १९५७ ला पालटलं. ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला आणि तळ्यात, पुराशिवाय, त्याला अंडी घालायला लावलं. माशाच्या शरीराला पूर आल्याचा निरोप सुईने दिला, असं म्हणा. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, मत्स्यबोटुकली ही खात्याची गोड शब्दावली (बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिलू) या एका प्रयोगावर उभी आहे. महाराष्ट्रात धरणं आणि तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था पावसाळ्यात बोटुकली विकत आणून सोडते आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मासा काढते. म्हणजे चैत्रातल्या जाळ्यात येतो तो मासा श्रावण-भाद्रपदात कुणीतरी पैसे देऊन पाण्यात सोडलेला असतो. वीण माशाची असली तरी भांडवल माणसाचं आहे.

याच सुमारास आणखी एक पाहुणा आला. १९५२ साली आफ्रिकेतला तिलापिया भारतात आणला गेला. लोक त्याला चिलापी म्हणतात. त्याला ना पूर लागतो, ना सुई. मादी अंडी तोंडात धरून फिरते आणि कुठल्याही डबक्यात, वर्षातून अनेकदा, पिलं काढते. साचलेल्या पाण्याच्या देशाला शोभणारा मासा. चढणीच्या माशांचा रस्ता जसजसा भिंतींनी अडत गेला तसतसं चिलापीचं राज्य वाढलं. गरिबाच्या कालवणाला तो उपयोगी पडला हेही खरं. पण साइक्सच्या यादीतल्या नावांची जागा त्याने घेतली, हेही खरं.

दरवाजांचं पंचांग

आता बाभळीकडे येऊ. दोन राज्यांत ६ ऑक्टोबर १९७५ ला करार झाला. आंध्रने पोचमपाड १,०९१ फुटांपर्यंत भरावं. महाराष्ट्राने पैठण आणि सिद्धेश्वर धरणांच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात, नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपर्यंत पाणी वापरावं. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने ७ जुलै १९८० च्या अंतिम निवाड्यात हा करार सामावून घेतला. पुढे महाराष्ट्राने २.७४ टीएमसी क्षमतेचा बाभळी बंधारा हाती घेतला. तो पोचमपाडच्या फुगवट्याच्या आत येत असल्याने आंध्रने हरकत घेतली आणि २००६ मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांना घेऊन बाभळी बघायला निघाले, तेव्हा त्यांना हद्दीवर ताब्यात घेऊन धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो. गावात इतके पोलीस आणि इतके कॅमेरे आम्ही आधी पाहिले नव्हते. मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं आमचं गाव चार दिवस देशभरच्या टीव्हीवर होतं. त्या चार दिवसांत शेतकरी, पुढारी, वकील सगळे बोलले. भोयांना कुणी माईक दिल्याचं मला आठवत नाही.

२०१३ च्या निकालाने बंधाऱ्याला वेळापत्रक बांधून दिलं. १ जुलै ते २८ ऑक्टोबर सगळे दरवाजे वर. नदीचा नैसर्गिक प्रवाह अडवायचा नाही. २९ ऑक्टोबरला दरवाजे खाली. २.७४ पैकी ०.६ टीएमसी हा पोचमपाडच्या साठ्याशी सामाईक भाग, म्हणून तेवढं पाणी १ मार्चला खाली सोडायचं. देखरेखीला तीन सदस्यांची समिती: अध्यक्ष जल आयोगाचा, दोन्ही राज्यांचा एकेक प्रतिनिधी.

आमच्या बाजूच्या शेतकऱ्यांची या वेळापत्रकाबद्दलची तक्रार सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यात चौदाही दरवाजे उघडे, म्हणून पूर खाली निघून जातो. ऑक्टोबरअखेर दरवाजे पडतात तेव्हा अडवायला पाणीच फारसं उरत नाही. ही तक्रार रास्त आहे. पण हेच वेळापत्रक माशाच्या बाजूने वाचलं तर वेगळंच दिसतं.

१ जुलै ते २८ ऑक्टोबर. कार्प माशांच्या चढणीचा आणि विणीचा काळ जवळजवळ नेमका यात बसतो. दरवाजे पूर्ण वर असले की बंधारा म्हणजे नदीतले नुसते खांब. पोचमपाडच्या फुगवट्यातला मासा पुराबरोबर वर येऊ शकतो, अंडी घालू शकतो, परत जाऊ शकतो. मोठ्या धरणाच्या भिंतीने जे कायमचं बंद केलं ते इथे वर्षातले चार महिने उघडं राहतं. हे माशांसाठी कुणी केलेलं नाही. दोन राज्यांनी एकमेकांवर विश्वास न ठेवल्यामुळे हे घडलं. पाण्याच्या भांडणाची मांडवली करताना न्यायालयाकडून नकळत एक चढणीचा रस्ता राखला गेला.

आणि १ मार्च? ती तारीख माशाच्या दृष्टीने उलटी पडते. हिवाळाभर साचलेल्या पाण्यात वाढलेला मासा ऐन आटण्याच्या तोंडावर, उन्हाळा पुढे उभा असताना, एकदम उथळ होणाऱ्या पाण्यात सापडतो. काही वाहून खाली जातो, काही डबक्यांत अडकतो. ज्याने आपल्या पैशाने बोटुकली सोडली असेल त्याचं पीक एका सकाळीत हद्दीपार जाऊ शकतं, आणि खालच्या जाळ्यात ते फुकट पडतं. पावसाळ्यात हिशोब उलटा फिरतो. तेलंगणाने २०१६ पासून तलाव-धरणांमध्ये सरकारी खर्चाने मत्स्यबीज सोडायची मोठी योजना चालवली आहे. त्यातला मासा पुराबरोबर वर चढून आमच्याकडे येण्यात कुणाची आडकाठी नाही. पाण्याचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या दोन राज्यांत माशांची ही देवघेव बिनबोभाट चालते.

रकाना आहे, आकडा नाही

मासा कायद्याच्या कागदावर अजिबातच नाही असं म्हणून मी हा लेख लिहिणार होतो. पण कृष्णा लवादाचा १९७६ चा अंतिम आदेश वाचला (अध्यक्ष पुन्हा बच्छावतच) आणि त्यात पाण्याच्या ‘लाभदायी वापरां’ची यादी सापडली: घरगुती, नागरी, सिंचन, उद्योग, वीज, जलवाहतूक आणि त्यांच्या शेजारी चक्क मत्स्यपालन, वन्यजीव संरक्षण आणि करमणूक. मला आनंद झाला. मग पुढचं कलम आलं, कोणता वापर कसा मोजायचा याचं. सिंचनासाठी वळवलेलं पाणी शंभर टक्के वापरलं असं धरायचं, खोऱ्यातल्या घरगुती आणि नागरी वापराचे वीस टक्के, उद्योगाचे अडीच टक्के. माशांसाठी वेगळी ओळच नाही.

आमच्या धंद्यात याला तक्त्यात कॉलम बनवून ठेवणं आणि त्यात कधीच व्हॅल्यू न भरणं म्हणतात. कारणही समजण्यासारखं आहे. मासा पाणी पीत-संपवत नाही, त्यात राहतो फक्त. आणि आपली सगळी जलनीती ‘किती वापरलं’ यावर बेतलेली. जो वापरून संपवतो त्याला वाटा मिळतो. ज्याला पाणी तिथे असणं एवढंच हवं त्याला मोजायचं एकक आपल्याकडे नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा एका रोजच्या सरकारी शब्दात आहे. धरणाच्या सर्वांत खालच्या दारापेक्षाही खाली जे पाणी राहतं, जे कालव्याने काढता येत नाही, त्याला पाटबंधाऱ्याच्या भाषेत ‘मृतसाठा’ म्हणतात. उन्हाळ्यात वर्तमानपत्रं छापतात, ‘धरणात केवळ मृतसाठा शिल्लक’. त्या वेळी धरणातले सगळे जिवंत मासे तिथेच असतात. मृतसाठा हा सरकारी नकाशावरचा डोह आहे, पुढच्या पावसाचं बियाणं. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी, मराठवाड्यातल्या तलावांचे हे डोहसुद्धा तळापर्यंत गेले. माणसाला पाणी नसताना माशाचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल आणि ते चूक नाही. पण पाणी वर्षभराने परत येतं. तळापर्यंत गेलेल्या तलावात मासा कुणीतरी पैसे घालून सोडेपर्यंत परत येत नाही, आणि दुष्काळाने मोडलेल्या संस्थेकडे नेमके तेच पैसे नसतात.

बाभळीसारख्या दारांच्या बंधाऱ्याला असा राखीव डोह जवळपास नसतोच. दरवाजे उचलले की नदीच्या पात्रातल्या खळग्यांत उरेल तेवढंच. म्हणून दोन लहान गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दोन्हींना निकालाला हात लावायची गरज नाही. एक, १ मार्चचं पाणी एका दमात न सोडता हळूहळू सोडावं आणि त्याआधी दोन्ही काठांच्या मासेमार गावांत मराठी आणि तेलुगूत दवंडी द्यावी, म्हणजे ज्याचं जाळं आहे त्याला ते आवरता येईल, ज्याचा मासा आहे त्याला तो आधी काढता येईल. दुसरी, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचे दोन-तीन खोल डोह राखीव ठरवून उन्हाळाभर तिथे जाळं बंद ठेवावं. वाळण कोंडीला हे करायला देवी लागली. आपल्याकडे समिती आहे.

दोन काठांची नावं

हद्दीच्या अलीकडचा मासेमार भोई, पलीकडचा बेस्ता. बेस्ता स्वतःला गंगपुत्र म्हणवतात. भाषा दोन, पण बाजारात दोन्हीकडचे लोक दोन्ही बोलतात. मरळाला पलीकडे कोर्रमीनू म्हणतात, आणि तेलंगणाने तो आपला राज्यमासा म्हणून जाहीर केला आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. पापलेट चवीला उत्तमच, पण धर्माबादेतून बघताना गंमत वाटते. आमच्या राज्याचा मासा पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या समुद्रात, आणि आमच्या पाण्यात राहतो तो शेजाऱ्याच्या राज्याचा मासा.

साइक्सने दोनशे वर्षांपूर्वी मासेमारांना नावं विचारली म्हणून खुद्री आणि मुल्या हे शब्द टिकले, त्यातले काही मासे त्या त्या नदीतून हटल्यावरही. १९४७ च्या यादीशी ताडून बघायला आज बाभळी ते कंदकुर्ती या पट्ट्यात काय उरलंय, ते एका उन्हाळ्यात दोन काठांच्या दहा-वीस म्हाताऱ्या माणसांपाशी बसलं तरी बरंचसं कळेल. प्रत्येक माशाचं मराठी नाव, तेलुगू नाव, तो शेवटचा कधी जाळ्यात आला, पूर्वी कुठल्या डोहात असायचा, एवढे चार रकाने पुरेत. घोडा लागत नाही, मोबाइल पुरतो. पुढच्या वेळी पाण्यावरून दोन राज्यं समोरासमोर बसतील, आणि बसतीलच, तेव्हा टेबलावर टीएमसीच्या तक्त्याशेजारी ही यादीही असावी.